फिरकी: पितळेचा पत्रा, रानकोंबड्याचे पीस आणि भिवपुरीचे पाणी

भिवपुरीच्या वीजगृहातून बाहेर पडणारे पाणी मुळात कोकणाचे नाही. आंध्रा नदी इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला आणि भीमा कृष्णेला. म्हणजे या पाण्याची नैसर्गिक वाट बंगालच्या उपसागराकडे जाते. टाटांच्या आंध्रा व्हॅली कंपनीने घाटमाथ्यावर ठोकरवाडीला धरण बांधले, पाणी बोगद्यातून व नळांतून पश्चिमेकडे वळवले, आणि १९२२ मध्ये ते सुमारे पाचशे मीटर खाली भिवपुरीच्या जनित्रांवर येऊन आदळू लागले. तिथून ते पेज नदीत, पेजेतून उल्हास नदीत आणि अखेर वसईच्या खाडीत जाते. चैत्र-वैशाखात कर्जतच्या आसपासचे ओढे दगडगोट्यांचे पट्टे होऊन पडतात, तेव्हाही पेज वाहत असते.

हा धागा अशा वाहत्या पाण्यासाठी घडवलेल्या एका छोट्या वस्तूचा आहे: गोड्या पाण्यातल्या गळाच्या मासेमारीसाठी घरी, हाताने बांधलेली फिरकी. बाजारात तिला स्पिनर म्हणतात. करंगळीएवढी ही वस्तू. एक तार, तिच्याभोवती फिरणारे धातूचे पाते, एकदोन मणी, थोडे वजन आणि शेवटी गळ. गळाच्या दांड्यावर दोऱ्याने घट्ट बांधलेला केसांचा किंवा पिसांचा झुपका. एवढ्याशा वस्तूत निदान तीन खंडांचा इतिहास गुंडाळलेला आहे, आणि त्यातला एक धागा थेट सह्याद्रीच्या रानातून निघतो.

आधी एक फरक लक्षात घ्यावा लागतो. गळाला लावायचे आमिष दोन प्रकारचे असते: माशाला खाता येईल असे आणि खाता येणार नाही असे. भारतातल्या जुन्या लिखित परंपरेत पहिल्याचेच वर्णन आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ अर्थात ‘अभिलषितार्थचिंतामणी’ या बाराव्या शतकातील ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. मराठी भाषेच्या जुन्या खुणांसाठी या ग्रंथाचे नाव इतिहासप्रेमींच्या परिचयाचे आहे. त्यातले मासे मात्र फारसे कुणी पाहत नाही. समुद्रातले व नदीतले मासे कोणते, कोणाला काय खाऊ घालून एका जागी जमवावे, काठी, दोरी व गळ कसा असावा, याचा तपशील तिथे आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाचा शास्त्रीय दृष्टीने अभ्यास प्रसिद्ध केला. राजाने मासेमारीला करमणुकीचा दर्जा दिला होता, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे. तूर्त एवढेच की सोमेश्वराचा मासा भुकेपायी फसतो. फिरकीकडे येणारा मासा मुख्यतः डोळ्यांनी आणि अंगाला जाणवणाऱ्या कंपांनी फसतो.

माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक संवेदनशील रेषा असते. पाण्यातला सूक्ष्म हेलकावा तिला कळतो. फिरकीचे पाते पाणी कापत फिरते तेव्हा ठरावीक लयीचे कंप उठतात आणि पात्यावर उजेड लपकतो; जखमी लहान मासा तडफडताना नेमके हेच घडते. पाते रुंद असेल तर ते तारेपासून दूर पसरून सावकाश, जड फिरते आणि मंद प्रवाहात किंवा गढूळ पाण्यात उपयोगी पडते. वेळूच्या पानासारखे अरुंद असेल तर तारेला चिकटून वेगाने फिरते आणि जोराच्या धारेतही टिकते. आकाराचा हा हिशेब कुणा एका शास्त्रज्ञाने मांडलेला नाही. करून पाहणाऱ्यांच्या हातातून तो घडला.

इंग्रजीतला मासेमारीचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ आयझाक वॉल्टनचा. पहिली आवृत्ती १६५३ ची. त्यात एका कृत्रिम माशाचे वर्णन येते. तो धातूचा नाही, कापडाचा आहे, त्यावर रेशमाने भरतकाम केलेले आहे, आणि तो एका स्त्रीने शिवलेला आहे. मासेमारीचा इतिहास पुरुषांनी पुरुषांविषयी लिहिला, पण कृत्रिम आमिषाच्या पहिल्या ठळक नोंदींपैकी एकीत सुई एका बाईच्या हातात आहे. तिचे नाव वॉल्टनने दिलेले नाही.

धातूचे आमिष प्रसिद्धीला आले ते एकोणिसाव्या शतकात. अमेरिकेतील व्हर्माँट प्रांतातल्या ज्युलिओ ब्यूएल या माणसाने १८५२ मध्ये चमच्याच्या आकाराच्या आमिषाचे पेटंट घेतले. नावेत बसून जेवताना त्याचा चमचा तळ्यात पडला, तो लकाकत खाली जात असताना एका मोठ्या माशाने त्यावर झडप घातली, अशी कथा सांगतात. सफरचंद आणि न्यूटन यांच्या कथेइतकाच तिच्यावर विश्वास ठेवावा. धातूची आमिषे त्याआधीही होती. ब्यूएलचे श्रेय पेटंटाचे आणि विक्रीचे. १८९९ मध्ये इंडियाना प्रांतात जॉन हिल्डेब्रांट याने ठोकून पसरट केलेले नाणे केसांच्या पिनेवर अडकवून फिरकी केली, असे त्याच्या नावाची कंपनी सांगत आली. चमचा, नाणे, केसांची पिन: या कथा खऱ्या असोत वा रचलेल्या, त्यातले साहित्य नेहमी घरातलेच असते. कारखाने निघाले तरी या वस्तूने आपले घरगुती मूळ लपवले नाही.

विसाव्या शतकात आंद्रे म्यूलनार या फ्रेंच अभियंत्याने १९३८ मध्ये ‘मेप्स’ ही फिरकी काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती अमेरिकेत पोहोचली. विस्कॉन्सिनमधील एका दुकानदाराने तिच्या गळावर खारीच्या शेपटीचे केस बांधायला सुरुवात केली, आणि हे काम आजतागायत हाताने होते. पाते यंत्र कापते. केसांचा झुपका मात्र यंत्राला नीट जमत नाही, कारण प्रत्येक शेपटीचे केस वेगळ्या जाडीचे असतात आणि किती केस घ्यायचे हे बोटांनाच कळते.

आता सह्याद्रीकडे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये सॅमन माशासाठी पिसांचे गळ बांधण्याचा छंद जवळजवळ दागिने घडवण्याच्या पातळीला गेला. जॉर्ज केल्सन याचा १८९५ चा ग्रंथ त्या छंदाचा कळस मानतात. या गळांच्या दोन्ही बाजूंना डोळ्यासारखे दिसणारे एक पीस बांधले जाई. काळसर पिसावर पिवळसर पांढरे, मेणासारखे चकाकणारे ठिपके. हे पीस भारताच्या द्वीपकल्पात राहणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेचे. भीमाशंकर-माथेरानच्या रानात पहाटे ज्याची बांग ऐकू येते, तोच हा पक्षी. त्याचे शास्त्रीय नाव फ्रेंच प्रवासी सोनेराच्या नावावरून पडले, त्याची मान मात्र इंग्लंडच्या गळांवर गेली. पुढे भारताने ही निर्यात बंद केली, आणि आज वन्यजीव कायद्याने त्याच्या शिकारीला मनाई आहे. म्हणून घरी फिरकी बांधणाऱ्याने रानकोंबड्याचे किंवा मोराचे पीस शोधत फिरू नये. गावठी कोंबड्याचे मानेचे पीस आणि बोकडाच्या शेपटीचे केस या कामाला उत्तम चालतात.

पीस इकडून तिकडे गेले, धातूचा चमचा तिकडून इकडे आला. हेन्री सलिव्हन थॉमस हा मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी. त्याचा ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ १८७३ मध्ये मंगळूरहून निघाला आणि नंतर त्याच्या आणखी आवृत्त्या झाल्या. त्याचा नायक महसीर मासा. आकाराच्या मानाने महसीर सॅमनपेक्षा अधिक झुंज देतो असे थॉमसचे मत होते, आणि त्यासाठी फिरत्या आमिषावर त्याने भर दिला. अडचण एक होती: महसिराच्या घशात दात असतात आणि जबड्याची पकड अशी की विलायतेतून आणलेले नाजूक गळ चिरडून निघत. इंग्लंडमधील रेडिच हे सुया आणि गळ घडवणारे गाव. तिथले सामान भारतीय नदीत कमी पडत होते. त्यामुळे जाड तार, मजबूत गळ आणि साधे, ठोकलेले पाते अशी जुळवाजुळव इथल्या छावण्यांतून आणि बंगल्यांतून हाताने होत राहिली. या अनुभवाचा मोठा भाग मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात साठत गेला, आणि सोसायटीने १९४८ मध्ये मॅकडॉनल्डचे महसीरविषयक पुस्तक प्रसिद्ध केले. त्या वेळी त्याचे बहुतेक इंग्रज वाचक सामान बांधून मायदेशी निघाले होते.

दख्खनच्या महसिराला शास्त्रीय नाव त्याच्या कितीतरी आधी मिळाले होते. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी कर्नल विल्यम साइक्स याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात पुण्याच्या मुळा-मुठेतल्या या माशाला त्याने ‘खुद्री’ हे नाव दिले. आजचे नाव ‘टॉर खुद्री’. साइक्सची यादी मराठी माणसाने एकदा मोठ्याने वाचावी: शिंघाळा, कोळस, अळकूट, मळ्या, नुक्ता, फुलंगी, टाकरी. लॅटिन व्याकरणाचा अंगरखा घातलेली ही भीमा-मुठेच्या काठची नावे आहेत. साइक्सने ती ऐकली ती मासे धरणाऱ्यांच्या तोंडून. त्या माणसांपैकी एकाचेही नाव शास्त्रीय नावात नाही.

फिरकीचा इतिहास इथे केवळ छंदाचा राहत नाही. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरच्या काळात कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात होता, आणि त्या खोऱ्यांत ठाकर व कातकरी पिढ्यान्‌पिढ्या मासे धरत होते. त्यांचे ज्ञान पाण्याच्या वर्षचक्राशी जोडलेले. पहिल्या जोराच्या पावसात मासे अंडी घालायला उलट्या प्रवाहाने ओढ्यांतून शेतांपर्यंत चढतात. रायगडात त्याला वलगण म्हणतात. त्या दोनचार रात्री बांधावर हातात टोपली किंवा जाळे घेऊन उभे राहणे हा सण असतो. पाणी ओसरताना बांबूच्या कामट्यांचे सापळे, उन्हाळ्यात डोहात राहिलेल्या माशांसाठी गेळाच्या फळासारख्या वनस्पतींनी पाण्याला भूल देण्याची पद्धत. ऋतू बदलला की हत्यार बदलते.

१८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलात नियम मोडून मासे धरणे, पाण्यात विष कालवणे आणि सापळे लावणे हे गुन्ह्यांच्या यादीत घातले. थॉमसचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, १८७३ मध्ये, फ्रान्सिस डे याचा भारत व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मत्स्यव्यवसायावरील अहवाल आला. लहान मासे आणि अंड्यांवर आलेले मासे यांची सरसकट पकड थांबावी, असा त्याचा सूर होता. १८९७ च्या मत्स्य कायद्याने सुरुंगाची दारू आणि विष वापरून मासे मारण्यावर देशभर बंदी आणली. दारूवरची बंदी रास्तच होती, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. ती दारू रस्ते आणि रेल्वे बांधणाऱ्यांबरोबरच नदीपर्यंत पोहोचली होती. पण कायद्याने डोहभर स्फोट करणारा ठेकेदार आणि गेळाची फळे कुटून घरच्यापुरते मासे काढणारे कातकरी कुटुंब यांना एकाच ओळीत बसवले. त्याच काळात काठी, फिरकी आणि विलायती गळ घेऊन बसलेला साहेब ‘खिलाडू’ ठरला. सोमेश्वराच्या दरबारातही मासेमारी हा राजाचा विनोद होता आणि इतरांचा उदरनिर्वाह. वसाहतीच्या कायद्याने या जुन्या फरकाला कलमे आणि दंड जोडले. फिरकीला ‘कला’ आणि कामट्यांच्या सापळ्याला ‘चोरटी पद्धत’ म्हणण्याची सवय इथून आलेली आहे, आणि मासेमारीच्या मराठी लेखनातही ती अधूनमधून डोकावते. कौशल्याच्या दृष्टीने पाहिले तर पाण्याची धार ओळखून तिच्या तोंडाशी कामट्यांचे विणकाम बसवणे फिरकीच्या पात्याला बाक देण्यापेक्षा सोपे नाही.

ही फिरकी आज घरी बांधायची तर कशी, हे आता तपशिलाने पाहता येईल. पात्यासाठी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पितळी पत्रा पुरतो. त्यावर बदामाच्या किंवा पानाच्या आकाराची रेघ ओढून तो कात्रीने कापायचा, कडा कानशीने गुळगुळीत करायच्या आणि निमुळत्या टोकाला छिद्र पाडायचे. मग लाकडी ठोकळ्यात कोरलेल्या उथळ खळग्यावर ठेवून गोल तोंडाच्या हातोडीने मधून कडेकडे हलके ठोके द्यायचे. पुण्याच्या तांबट आळीत भांड्यांवर मठारकाम करतात, त्याचेच हे बाळरूप. मठारलेल्या भांड्यावर उजेड शेकडो तुकड्यांत फुटतो. मठारलेल्या पात्यावरही फुटतो, आणि पाण्याखाली तो माशाच्या खवल्यांसारखा दिसतो. गुळगुळीत आरशासारखे पाते एकच मोठी चमक देते आणि स्वच्छ पाण्यात कधी कधी माशाला बुजवते.

मधली तार स्टेनलेस स्टीलची, साधारण पाऊण ते एक मिलिमीटर जाडीची. गोल चोचीच्या पकडीने तिच्या एका टोकाला फास वळवून त्यात गळ अडकवायचा. मग क्रमाने पितळी मणी किंवा वजन, त्यावर एक छोटा गुळगुळीत मणी, आणि त्यावर पाते धरणारी यू-आकाराची छोटी कडी. पात्याची पोकळ बाजू तारेकडे असते. छोट्या मण्यावर काटकसर करू नये. कडी त्याच्यावरच फिरते, आणि तो खडबडीत असला की पाते अडकते. वरच्या टोकाला दुसरा फास. हा फास आणि तंगूस यांच्यामध्ये स्वतःभोवती फिरणारी कडी, म्हणजे स्विव्हल, हवीच. ती नसेल तर पात्याबरोबर तंगूसही पीळ खात जातो आणि तासाभरात त्याचा गुंता होतो.

केस बांधणे हा सर्वांत संयमाचा भाग. तारेत अडकवण्यापूर्वीच गळ लहान व्हाइसमध्ये पकडून दांड्यावर मेण लावलेल्या दोऱ्याचे वेढे एकाला एक लागून द्यायचे, म्हणजे केस घसरत नाहीत. काडेपेटीच्या काडीएवढ्या जाडीचा झुपका पुरतो. नवखा माणूस नेहमी दुप्पट घेतो आणि मग पाते फिरेनासे होते. झुपक्याची टोके सारखी करून तो दांड्यावर धरायचा, पहिले दोन वेढे सैल आणि तिसरा खाली ओढत घट्ट. पहिलाच वेढा आवळला तर केस दांड्याभोवती एका बाजूला गोळा होतात. गळाच्या वळणापुढे केस थोडेसेच गेलेले असावेत; फार लांब झाले की मासा टोक धरून सुटतो. शेवटच्या गाठीवर नखांच्या रंगाचा पारदर्शक थेंब टाकला की काम संपते. रात्रभर सुकू द्यावे.

गळ कोणता लावायचा, हा प्रश्न मात्र कारागिरीच्या पलीकडचा आहे, आणि त्याचे उत्तर भिवपुरीच्या माथ्यावरच्या तलावांतून आले. लोणावळ्याचा वळवण तलाव टाटांच्याच जलविद्युत योजनेचा भाग. त्याचे पाणी खोपोलीकडे उतरते. धरणांनी अडलेल्या नद्या, सुरुंग आणि अंड्यांच्या हंगामातील पकड यांमुळे दख्खनचा महसीर घटत चालला होता. १९७० च्या सुमारास ज्येष्ठ मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी लोणावळ्यात या माशाच्या माद्यांची अंडी हाताने काढून, त्यांचे फलन करून पिल्ले वाढवण्यात यश मिळवले. पुढे शशांक ओगले यांनी हे काम चालवले, आणि वळवणच्या केंद्रातून महसिराची पिल्ले महाराष्ट्राबाहेरही अनेक नद्यांत सोडली गेली. ज्या कंपनीच्या धरणांनी नद्यांच्या दिशा बदलल्या आणि ज्या कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला, तिच्याच तलावावर हे घडले. इतिहासात एकाच नावापुढे जमा आणि खर्च असे दोन रकाने ठेवावे लागतात, ते असे.

खर्चाच्या रकान्यात आणखी एक नोंद पडायची होती. लोणावळ्याचा महसीर कावेरीतही सोडला गेला. तिथे मूळचा एक वेगळा, पाठीला उंचवटा असलेला, प्रचंड वाढणारा महसीर होता. थॉमसच्या काळापासून जगभरचे गळवाले त्याच्यासाठी दक्षिणेत येत. त्याची संख्या कोसळत असल्याचे उघड झाले ते एका अनपेक्षित दप्तरातून. कावेरीकाठच्या छावणीत मासा पकडून पुन्हा सोडणारे लोक रोज किती तास गळ टाकला, कोणता मासा लागला, केवढा होता, हे लिहून ठेवत. १९९८ ते २०१२ या काळातील त्या वह्या संशोधकांनी तपासल्या, तेव्हा निळसर परांचा आणलेला महसीर वाढत गेलेला आणि मूळचा उंचवट्याचा महसीर जवळपास नाहीसा झालेला दिसला. २०१८ मध्ये त्या मूळच्या माशाची ओळख ‘टॉर रेमादेवी’ अशी निश्चित झाली, आणि तो अतिसंकटग्रस्त ठरला.

या वह्या लिहिणाऱ्यांची अट एकच होती: मासा जिवंत पाण्यात परत गेला पाहिजे. त्यासाठी फिरकीच्या टोकाचा तिहेरी गळ अडचणीचा ठरतो, कारण त्याचे तीन काटे तोंडात तीन जागी रुततात आणि काढताना कल्ल्यापर्यंत इजा करतात. म्हणून आता घरी फिरकी बांधणारे अनेक जण एकच गळ लावतात आणि त्याच्या काट्यावरचे उलटे दाते पकडीने दाबून सपाट करतात. तंगूस ताणलेला ठेवला तर मासा सुटत नाही, आणि काठाशी आल्यावर गळ एका वळणात निघतो. केस बांधायला घेण्यापूर्वीच दाते दाबून घ्यावेत. नंतर दाबताना पकडीखाली झुपका चिरडतो आणि सारे काम पुन्हा करावे लागते.